कोरडी बैठक

नाशिकमध्ये 'बसणे' या क्रियापदाला खुर्ची लागत नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास फोन येतो, पलीकडून 'बसायचं का?' एवढेच विचारले जाते, आणि कुठे, कशासाठी, किती वेळ असे उलट प्रश्न कोणी करत नाही; कारण ज्याला फोन आला त्याला सगळे समजलेले असते. तसेच 'घेणे'. 'ते घेतात का हो?' असे पाहुण्यांबद्दल हळूच विचारले जाते, तेव्हा काय घेतात हे सांगावे लागत नाही. वाक्यातले कर्म गाळून बोलण्याची ही सोय मराठीने फार थोड्या गोष्टींसाठी ठेवली आहे, आणि तिच्यात एक वर्गभेदही दडलेला आहे. पिणारे ते दुसरे, देशी दुकानाबाहेर झोकांड्या खाणारे. आम्ही मात्र घेणारे, अधूनमधून बसणारे. गेली वीसेक वर्षे मी असा बसत आलो. त्यातले शंभर दिवस मी बसलो, पण घेतली नाही. त्या शंभर दिवसांविषयी हे लिहितो आहे.

निश्चय, संकल्प वगैरे शब्द इथे मोठे होतील. झाले ते एवढेच, की २०२४ च्या जुलैत एका शुक्रवारी मी ऑफिसात खर्चाची बिले लावत होतो आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारी रात्री आपण कोणाबरोबर जेवलो हे मला आठवेना. बिल समोर होते. त्यावर चार माणसांचे जेवण होते, साठचे चार पेग तीनदा आलेले होते, आणि खाली सही माझी होती. सातपूरच्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो, त्यामुळे बाहेरगावचे पुरवठादार आले की त्यांना जेवायला नेणे हा कामाचाच भाग. तरीही ती माणसे कोण हे आठवायला मला पाऊण तास लागला. मग सहज मोजले. त्या आठवड्यात चार संध्याकाळी बसणे झाले होते, आणि चारांपैकी एकही संध्याकाळ मी स्वतः ठरवलेली नव्हती. डॉक्टरांनी काही सांगितले नव्हते, घरी भांडण झाले नव्हते, रक्ताचा कुठला अहवाल हाती आला नव्हता. लोकांना पुढे हेच खरे वाटेनासे झाले.

४ ऑगस्टला दीप अमावस्या होती. आईने पाटावर घरातले सगळे दिवे घासून-पुसून मांडले होते, समया, निरांजने, लामणदिवा, आणि गूळ घालून केलेले कणकेचे दिवेही. त्याच अमावस्येला आमच्या मंडळींत गटारी म्हणतात आणि ती गंगापूर धरणाच्या बाजूला कोणाच्या तरी शेतावर साजरी होते. तशी ती झाली, मीही होतो. दुसऱ्या दिवशी सोमवार आणि श्रावण दोन्ही लागले. भिंतीवरच्या कॅलेंडरात मी बोट ठेवत गेलो, तर ५ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरच्या कार्तिकी एकादशीपर्यंत नेमके शंभर दिवस भरत होते. इतका सरळ हिशोब पाहून मोह झाला. अट मात्र एकच घातली, आणि ती दारूपेक्षा मला अवघड वाटत होती: आलेले एकही बोलावणे टाळायचे नाही. घरी बसून पुस्तक वाचत दारू सोडणारे पुष्कळ असतील. मला बसणे सोडायचे नव्हते, कारण माझी निम्मी दोस्ती आणि पाऊण धंदा त्या टेबलांवरच उभा आहे.

श्रावणाचा महिना फुकट गेला असेच म्हणावे लागेल, इतका तो सोपा होता. 'श्रावण आहे' हे दोन शब्द उच्चारले की टेबलावरचा कोणीही, अगदी ज्याच्या समोर तंदुरी कोंबडी आहे तोसुद्धा, आदराने मान डोलावतो. इंग्लंडात २०१३ पासून जानेवारी महिना कोरडा पाळण्याची मोहीम चालते आणि तिची बरीच चर्चा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही होते. पण आपल्याकडे मोहिमेवाचूनच लोक महिनाभर थांबतात आणि त्यांना कोणी कारण विचारत नाही. मला मात्र त्या आदराची थोडी लाज वाटत होती. मी श्रावण 'पाळत' नव्हतो, श्रावणाच्या आड लपलो होतो. आईने ते पहिल्याच आठवड्यात ओळखले. 'एवढं पाळतोच आहेस तर कांदा-लसूणही सोड की,' असे ती पानात भरली वांगी वाढताना म्हणाली, आणि मी काही न बोलता वांगे खाल्ले.

बैठकीत दारू नसली की काय उणे पडते, याचा मला वाटत होता तो अंदाज चुकला. मला वाटे, नशा उणी पडेल. पहिली अडचण आली ती हाताची. ग्लास ही फार कामाची वस्तू आहे. बोलण्यात खंड पडला की ती उचलता येते, कोणी नको ते बोलले की तिच्यात पाहता येते, बर्फ हलवता येतो, टेबलावर तिच्या तळाने पाण्याची वर्तुळे काढता येतात. मी सोडा-लिंबू मागवायला लागलो, मीठ घालून, साखर नको. आणि तो त्याच बुटक्या, जाड बुडाच्या ग्लासात आणा असे वेटरला सांगू लागलो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की सोडा पेगाच्या गतीने पिता येत नाही. दोन ग्लासांतच पोट तट्ट फुगते. मग हात चकण्याकडे वळतो. उकडलेले शेंगदाणे, मसाला पापड, चणा कोळीवाडा, पुन्हा शेंगदाणे. इतर जण एक दाणा तोंडात टाकून घोट घेत होते तेव्हा मी मूठ-मूठ खात होतो. साठ मिलीलीटर व्हिस्कीत, म्हणजे आपल्याकडे बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते तीत, सुमारे वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि दर ग्रॅमला सात या हिशोबाने तेवढ्यातून एकशे चाळीस उष्मांक मिळतात. तीन पेग वाचवले म्हणजे सव्वाचारशे उष्मांक वाचले, असे गणित मी बायकोला मोठ्या तोऱ्यात समजावले होते. महिन्याच्या शेवटी वजन केले तर ते एक किलोने वाढलेले होते. शेंगदाण्यांचे गणित मी केले नव्हते.

दुसरी अडचण बिलाची. आमच्यात कॉन्ट्री काढायची पद्धत आहे, म्हणजे आकडा भागिले माणसे. पहिल्या तीन बैठकांत मी चार सोड्यांचे साडेआठशे रुपये मुकाट्याने दिले. चौथ्या वेळी बँकेतला मित्र म्हणाला, 'याचे वेगळे काढा,' आणि सगळ्यांनी एकदम होकार दिला. त्या क्षणी मला हलके वाटायला हवे होते, पण वाटले उलटेच. वेगळे बिल म्हणजे वेगळे पान. पुढच्या वेळेपासून मी स्वतःच म्हणू लागलो की भागाकार नेहमीसारखाच करा, फक्त चकणा माझ्या आवडीचा मागवा. तो तोडगा अजून चालू आहे.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजूनही आहे आणि त्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो. आपल्या बारना 'परमिट रूम' हे नाव त्यावरूनच पडले. मी कित्येक वर्षांपूर्वी आयुष्यभराचा परवाना काढून ठेवला होता. श्रावणात एकदा कपाट आवरताना तो सापडला म्हणून वाचला, तर परवानाधारकाला हे पेय स्वतःच्या आरोग्याचे रक्षण करण्यासाठी लागते, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. वीस वर्षे मी आरोग्यरक्षण करत होतो हे मला कोणी सांगितले नव्हते.

आरोग्याची गोष्ट निघालीच आहे तर झोपेचे सांगतो, कारण तिथे फरक खरोखर पडला. घेतल्यावर झोप चटकन लागते, पण अल्कोहोल शरीरातून उतरू लागले की रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो आणि स्वप्नांची झोप कमी पडते. पहाटे तीनला डोळे उघडून पंख्याकडे पाहत पडणे हे मी वयाच्या खात्यावर टाकले होते. सोडल्यावर पहिले पाच-सहा दिवस झोप उलट बिघडली. मग स्वप्ने पडू लागली, तीही इतकी ठळक आणि इतकी निरर्थक की सकाळी चहा घेताना ती सांगायचीही सोय नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी जाग आली आणि घड्याळात पावणेसहा झाले होते. मधले तीन वाजलेले मला कळलेच नव्हते.

याच्या उलट एक प्रसंग सांगायला हवा. माझे पाहून आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी, ते माझ्याहून बरेच मोठे, त्याच सोमवारपासून सोडली. ते रोज घेत, किती ते कोणाला नीट माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला कंप सुटला, घाम थांबेना, चहाची बशी धरवेना. घरच्यांना वाटले ताप असेल. सुदैवाने त्यांच्या मुलीने डॉक्टरांना खरे काय ते सांगितले आणि त्यांना दवाखान्यात ठेवले. वर्षानुवर्षे रोज मोठ्या प्रमाणात घेणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीशी जुळवून घेऊन सतत चढा चालत असतो. ती एकाएकी काढून घेतली की तो भरधाव सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-चार दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. अशा माणसाने मनाच्या जोरावर नव्हे, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व घेत थांबायचे असते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करते आहे, आणि ते गृहस्थ शेवटी तिथेच गेले. त्यांना भेटून परतताना माझे शंभर दिवसांचे कौतुक मला बरेच हलके वाटले. मी थांबू शकत होतो, म्हणून तर थांबण्याचा खेळ करू शकत होतो.

२ सप्टेंबरला पोळा झाला, श्रावण संपला, आणि माझे संरक्षण गेले. 'झाला की श्रावण,' असे म्हणत ग्लास पुढे आले. गणपतीचे दहा दिवस कसेबसे त्याच पुण्याईवर निघाले, पितृपक्षातही काही जण मान देतात. पण खरी चौकशी तेव्हाच सुरू झाली. लिव्हरचे काही निघाले का? शुगर? वहिनींनी शपथ घातली का? एका पुरवठादाराने तर मी त्याच्या स्पर्धकाशी करार केल्यामुळे त्याच्याबरोबर घेत नाही, असा अर्थ काढला आणि पुढच्या आठवड्यात दर दोन टक्क्यांनी खाली आणले. (ते मी तसेच राहू दिले.) मी दर वेळी नवे कारण देत होतो आणि दर वेळी समोरचा ते खोडून काढत होता. शुगर म्हणावे तर 'मग व्हिस्की घे, बिअर नको'. सकाळी लवकर उठायचे म्हणावे तर 'एकच घे'.

यातून मला सोडवले ते आमच्या बागायतदार मित्राने. दिंडोरी तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. बरीचशी खायच्या द्राक्षांची, आणि दोन एकर वाइनची, जी करारावर एका वायनरीला जाते. तो माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मद्य वर्ज्य, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरपर्यंत दोनदा चालत गेलेला. आणि तरीही गेली पंधरा वर्षे तो आमच्या बहुतेक बैठकांना ताकाचा ग्लास घेऊन शेवटपर्यंत असतो. इतक्या वर्षांत त्याला कोणी 'एकच घे' म्हटलेले मी ऐकलेले नाही. मला वाटे, ही माळेची कृपा. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, 'माळ शर्टाच्या आत असते रे, दिसते कोणाला? तू कारण देतोस ना, तिथं फसतोस. कारण दिलं की समोरच्याला वाटतं हा मोडायला तयार आहे, फक्त कारण मोडायला पाहिजे. नुसतं नको म्हण आणि पापड पुढं कर.'

मी तसे केले. 'नको' म्हणायचे, हसायचे, आणि लगेच त्याच दमात समोरच्याच्या मुलीच्या ॲडमिशनचे काय झाले ते विचारायचे. लोकांना नकाराचे विशेष वाटत नाही, नकारानंतरच्या शांततेचे वाटते. ती शांतता आपणच बुजवायची. दसऱ्यापर्यंत मला कोणी विचारेनासे झाले.

बागायतदाराच्या व्यवसायाविषयी मी त्याला एकदाच छेडले. ऑक्टोबर होता, फळासाठीची गोडी छाटणी चालू होती, तो वेलींच्या ओलांड्यांकडे, म्हणजे आडव्या फांद्यांकडे, पाहत चालत होता. माळ घालून वाइनची द्राक्षे कशी पिकवतोस, असे मी विचारले. तो म्हणाला, 'मी साखर पिकवतो. बावीस-चोवीस ब्रिक्सला, म्हणजे रसात साधारण तेवढे टक्के साखर भरली की, माल तोडतात, पुढं यीस्ट काय करतं ते यीस्टनं बघावं.' मग थोडे पुढे जाऊन वळला आणि म्हणाला, 'हे उत्तर मलाही पुरत नाही.' त्यावर आम्ही पुढे बोललो नाही. राज्य सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे हा युक्तिवाद नाशिकमध्ये आम्ही सगळ्यांनीच हिरिरीने केला होता, त्यात मीही होतो, कारण इथे वाइन म्हणजे शेतकऱ्याचा माल, पर्यटक, शनिवार-रविवारची गंगापूर रोडवरची गर्दी. दीडशे मिलीलीटर वाइनच्या पेल्यात चौदा-पंधरा ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे साठच्या पेगाच्या पाऊणपट. शरीराला द्राक्ष आणि धान्य यांतला फरक कळत नाही. त्या ऑक्टोबरात कंपनीने पाहुण्यांसाठी एका वायनरीत चाखणीचा कार्यक्रम ठेवला होता. तिथे मी पेला फिरवला, नाक आत घालून वास घेतला, पेरूचा वास आला असे म्हटले, आणि पेला खाली ठेवला. जाणकार चाखून थुंकतात, त्यामुळे न पिणारा तिथे अडाणी ठरत नाही, उलट फार तयारीचा वाटतो. शंभर दिवसांतली सर्वांत सोपी संध्याकाळ ती.

आता सारथ्याविषयी. जो घेत नाही तो गाडी चालवतो, हा नियम कोणी केला नाही, पण दुसऱ्याच बैठकीपासून तो लागू झाला. रक्ताच्या शंभर मिलीलीटरमध्ये तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल सापडले तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, हे सगळ्यांना पाठ होते. इतकी वर्षे ते नुसते पाठ होते. माझ्या गाडीत रात्री अकराला चार-चार माणसे बसू लागली. इंदिरानगर, मग नाशिकरोड, मग परत पंचवटी. मला त्याचा राग आला नाही. गाडीतल्या शेवटच्या माणसाशी जे बोलणे होते ते टेबलावर होत नाही, हे मला तेव्हा कळले.

टेबलावर काय होते, हेही तेव्हाच दिसले. पहिला तास उत्तम असतो. माणसे एकमेकांचे ऐकतात, वाक्ये पुरी करतात. नंतर गोष्टी सुरू होतात, आणि गोष्टी म्हणजे त्याच गोष्टी. आमच्या वकील मित्राची २००८ च्या पुराची गोष्ट आहे. त्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला होता आणि त्याच्या वडिलांचे भांडी बाजारातले दुकान पाण्याखाली गेले. पूर किती आला हे नाशिकमध्ये मीटरात सांगत नाहीत, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतात: गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. वकिलाच्या गोष्टीत पहिल्या पेगाला पाणी मारुतीच्या कमरेशी असे. दुसऱ्याला छातीशी. तिसऱ्याला मारुती दिसेनासा होई, आणि दुकानातले पितळी हंडे तरंगत रामकुंडाकडे निघत. इतकी वर्षे मी त्या हंड्यांवर हसलो होतो. कोरडा बसलो तेव्हा लक्षात आले की गोष्ट दर वेळी हंड्यांपाशीच संपते. हंडे निघाले, सगळे हसले, आणि कोणीतरी वेटरला हाक मारली. वडील त्या वेळी कुठे होते, हे त्याने कधी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते.

दारूने माणूस मोकळा होतो असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. मीही काही गोष्टी केवळ त्या आधाराने बोललो आहे. पण आमच्या टेबलावर मला दिसले ते वेगळेच होते. प्रत्येकाची गोष्ट एका ठरावीक वळणापर्यंत मोकळी होत येई आणि तिथून परत फिरे. माझीही तशी एक आहे, नोकरी सुटल्याच्या वर्षाची. ती मी किती वेळा आणि कोणत्या विनोदावर संपवली असेन, याचा हिशोब करायचे धैर्य झाले नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जायची टूम बागायतदाराने काढली. आदल्या रात्री कुशावर्तावरून निघायचे आणि वीसेक किलोमीटर चालून सकाळी परत यायचे. आम्ही पाच जण निघालो. पाऊस होता, चिखल होता, हजारो माणसे होती, आणि सात तास हातात ग्लास नसताना आम्ही एकमेकांशी बोलत होतो, हे पहाटे कोणाच्या तरी लक्षात आले. त्यानंतर रविवारी सकाळी मिसळीला भेटायची सवय लागली. नाशिककराला मिसळ खायला निमित्त लागत नाही. मखमलाबादच्या बाजूला मळ्यांतून चुलीवरची मिसळ मिळते, काळा रस्सा, पापड, वर दही, आणि झाडाखाली खाटा टाकलेल्या असतात. म्हणजे तेही बसणेच. फक्त तिथे दुपारी बारानंतर ऊन लागते आणि माणूस आपोआप उठतो.

सगळ्यांच्या बाबतीत असे काही झाले नाही. एका पुरवठादाराबरोबर मी पंधरा वर्षे महिन्यातून एकदा बसत होतो आणि आम्ही एकमेकांना जिवलग म्हणवत होतो. सप्टेंबरात दोनदा त्याच्यासमोर सोडा घेऊन बसलो, तेव्हा पाऊण तासात स्टीलचे भाव, टोल आणि त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन एवढे विषय संपले. तिसऱ्यांदा त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. वाईट वाटले, पण तितके नाही, आणि ते तितके नाही हेच जास्त लागले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मिसळीला फक्त वकील आणि मी होतो. बाकीचे दिवाळीच्या खरेदीत. रस्सा दुसऱ्यांदा मागवला, आणि बोलता बोलता धरणाच्या पाण्याचा विषय निघाला म्हणून मी सहज विचारले, 'तुझे वडील त्या दिवशी दुकानातच होते का रे?' तो पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून तसाच धरून बसला. तुकडा मऊ होऊन वाटीत पडला. मग तो बोलला, आणि पुढचे त्याच्या परवानगीने लिहितो आहे. त्या दुपारी वडिलांनी त्याला तीनदा फोन केला होता. तो पाऊस पाहायला म्हणून चार मित्रांबरोबर त्र्यंबक रस्त्यावरच्या एका ढाब्यावर बसला होता, फोन टेबलावरच होता, आणि आता उचलला तर आवाजावरून कळेल म्हणून त्याने उचलला नाही. तो पोचला तेव्हा वडील मांडीएवढ्या पाण्यात एकटेच उधारीच्या वह्या माळ्यावर चढवत होते. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, 'हंडे राहू दे, वह्या घे.' पुढे दहा वर्षे जगले, त्याविषयी चकार शब्द काढला नाही. 'आणि हंडे?' मी विचारले. 'हंडे कुठं वाहून गेले? मागच्या खोलीत होते. नंतर चिंच लावून घासले सगळे.'

आम्ही चहा घेतला. पैसे त्याने दिले.

कार्तिकी एकादशीला आईने उपासाची भगर केली, बागायतदार पंढरपुरात होता, आणि माझे शंभर दिवस कोणाच्या लक्षात न येता पुरे झाले. व्रत संपले की उद्यापन करावे लागते, असे मंडळींनी जाहीर केले. विधानसभेचे मतदान २० तारखेला होते, त्याआधी अठराच्या संध्याकाळपासून ड्राय डे लागणार, म्हणून शनिवारी, १६ नोव्हेंबरलाच उरकून घ्या असे ठरले. कॉलेज रोडवरच्या नेहमीच्या ठिकाणी नेहमीचे टेबल. माझ्यासमोर साठचा पेग आला, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी घोट घेतला. चव आठवणीतल्यापेक्षा कडू होती. एक संपवला, दुसरा निम्मा ठेवला, आणि वेटरला सोडा-लिंबू सांगितले. त्याने ते न विचारता जाड बुडाच्या ग्लासात आणले. गाडी कोण नेणार यावर थोडा वाद झाला आणि शेवटी दोन रिक्षा करायचे ठरले.

साडेनऊ झाले तसे बँकवाल्याने नेहमीप्रमाणे वकिलाला चावी मारली. 'काय वकीलसाहेब, मारुती कुठपर्यंत बुडाला होता?'

वकिलाने ग्लास उचलला, बर्फ हलवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, 'ती गोष्ट रविवारी. मिसळीला या.' मग शेंगदाण्यांची रिकामी बशी वेटरकडे सरकवत त्याने आणखी एक सांगितली.